खेळाच्या चिपवर हवामानाचं गणित

मे-जूनमध्ये वादळी वारा सुटला, की रावेर-यावल पट्ट्यातल्या कापणीला आलेल्या केळीच्या बागा बघता बघता आडव्या होतात. असं वादळ नेमकं कुठल्या शिवारावर येणार, हे आदल्या दिवशी सांगणं अवघड का? एक कारण हवेच्या लहरी स्वभावात आहे. दुसरं आहे संगणकाच्या प्रोसेसरमध्ये.

हवामानाचं प्रारूप नकाशावर चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनावरच्या हवेची समीकरणं सोडवतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या ‘प्रत्युष’ महासंगणकावर २०१८ साली हे चौकोन सुमारे १२ किलोमीटरचे होते, २०२४ मध्ये आलेल्या ‘अर्क’ महासंगणकामुळे ते ६ किलोमीटरवर आणता आले. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, वेळेचे टप्पेही दुप्पट लागतात. म्हणजे गणित आठपट! आणि वादळी ढग तर अनेकदा काही किलोमीटरचाच असतो.

एवढं गणित नेहमीच्या प्रोसेसरवर रेटायचं, तर वीज आणि उष्णता आडवी येते. म्हणून शास्त्रज्ञ वेगळ्या घडणीच्या चिपकडे वळले. आपल्याकडे ही वाट जुनीच आहे. १९९१ चा ‘परम ८०००’ हा महासंगणक पुण्यात सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली उभारला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या चिप एकमेकींना जोडून. शेजारच्या चिपशी बोलायची सोय त्या चिपमध्येच होती.

२००८ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या ‘रोडरनर’ महासंगणकाने सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतक्या आकडेमोडींचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. त्यात होती प्लेस्टेशन ३ या खेळाच्या यंत्रातल्या ‘सेल’ चिपची सुधारित आवृत्ती. तिच्या आठ गणिती गाभ्यांना (आकडेमोड करणाऱ्या भागांना, म्हणजे ‘कोअर’ना) प्रत्येकी फक्त २५६ किलोबाइट स्मृती होती, आणि लागेल ती माहिती तिथे वेळेत आणून ठेवायचं काम प्रोग्राम लिहिणाऱ्याचं. जिनिंगचं यंत्र कितीही वेगवान असो, कापसाच्या गाड्या वेळेवर आल्या नाहीत तर ते रिकामंच फिरतं. खरी अडचण हीच आहे: आकडे गुणायला फारसं काही लागत नाही, वेळ आणि वीज खाते ती आकड्यांची ने-आण. ‘रोडरनर’ २०१३ मध्ये बंदही झाला.

टिकलं ते ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकावरच्या खेळांची चित्रं पडद्यावर उमटवणारी चिप. हजारो साधे गाभे, रुंद स्मृतिमार्ग आणि २००७ पासून मिळालेली कुडासारखी सोयीची प्रोग्रामिंग व्यवस्था. तरीही जुना प्रोग्राम त्यावर आपोआप पळत नाही. स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने २०१६ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर १.१ किलोमीटरचा दैनंदिन अंदाज सुरू केला, पण त्याआधी प्रारूपाच्या प्रोग्रामचा मुख्य भाग नव्याने लिहावा लागला. माझ्या मते चिपइतकंच, किंबहुना जास्त, श्रेय या लिहिणाऱ्यांचं आहे.

दुसरी युक्ती मला फार आवडते. युरोपच्या हवामान केंद्राने २०२१ मध्ये ६४ ऐवजी ३२ बिटांचे, म्हणजे निम्मी जागा घेणारे आणि कमी काटेकोर, आकडे वापरायला सुरुवात केली. ने-आण निम्मी झाली, अंदाज बिघडला नाही, आणि वाचलेल्या ताकदीवर समूह-अंदाजातले (थोड्या वेगळ्या सुरुवातींनी अनेकदा काढलेल्या अंदाजातले) हवेचे थर ९१ वरून १३७ करता आले.

जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकीच्या मुलांना हे दूरचं वाटायला नको. गेमिंगचं कार्ड ६४ बिटांत मंद असतं, ३२ बिटांत मात्र तुफान पळतं. तापलेल्या पत्र्यावर उष्णता कशी पसरते, हे साधं समीकरण त्यावर सोडवून पाहा. गणिताला किती वेळ लागला आणि आकडे कार्डावर नेऊन परत आणायला किती, हे वेगवेगळं मोजा.