माता-विद्यार्थिनींचे हक्क : बेळगाव सीमाभाग

महाविद्यालयात नाव असताना गरोदर राहिलेल्या किंवा पदरी तान्हे मूल असलेल्या विद्यार्थिनीला शिक्षण चालू ठेवण्यासाठी मिळणाऱ्या रजा, हजेरीतील सवलती, सरकारी मदत आणि तक्रारीच्या वाटा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पुढे कारवार-हल्याळ, बिदर-भालकी या पट्ट्यातील मराठी घरांत लग्न होऊनही कॉलेजला जाणारी मुलगी आता नवलाची राहिलेली नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला स्थळ येते, ‘मुलगी शिकतेय, शिक्षण पुरं करू द्या’ असा शब्द बैठकीत घेतला जातो, आणि वर्षाच्या आत पाळणा हलतो. बी.एड. तर अनेकींच्या बाबतीत लग्नानंतरचाच अभ्यासक्रम. शब्द सासरचे पाळतातही. अडते ते कॉलेजच्या हजेरीपटावर.

कायदा काय सांगतो

विद्यार्थिनींच्या मातृत्वासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेली सामाजिक सुरक्षा संहिता ही नोकरदार स्त्रीसाठी; २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण विद्यार्थिनी कोणाची नोकर नसल्याने ती या कायद्याच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेत १९७२ च्या शिक्षणविषयक कायद्यातील लिंगभेदबंदी गरोदरपणालाही लागू होते. आपल्याकडे त्याच ठिकाणी संविधानाचे अनुच्छेद १४, १५(३) आणि २१, विद्यापीठ अनुदान आयोगाची परिपत्रके आणि उच्च न्यायालयांचे निकाल यांची ठिगळे जोडावी लागतात. तरीही एक गोष्ट पक्की : लग्न झाले किंवा दिवस गेले एवढ्या कारणावरून विद्यार्थिनीचे नाव कमी करण्याचा अधिकार कोणताही कायदा कॉलेजला देत नाही. ‘आता टीसी काढून घे, पुढच्या वर्षी बघू’ हा कार्यालयातला प्रेमळ सल्ला म्हणजे आदेश नव्हे.

सर्वांत उपयोगी कागद आहे विद्यापीठ अनुदान आयोगाचे १४ डिसेंबर २०२१ चे पत्र. पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थिनींना प्रसूती रजा देण्यासाठी योग्य नियम करावेत, हजेरीत सूट द्यावी, परीक्षा अर्ज भरण्याची मुदत वाढवावी आणि इतर आवश्यक सोयी कराव्यात, असे त्यात सर्व विद्यापीठांना कळवले आहे. पत्राची भाषा विनंतीची आहे आणि रजा किती दिवसांची हे त्यात नाही, हीच त्याची दुबळी बाजू. संशोधक विद्यार्थिनींची स्थिती बरी आहे. पीएच.डी.च्या नियमांनुसार संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा मिळू शकते आणि प्रबंधासाठी स्त्रियांना दोन वर्षे जादा आहेत. थोडक्यात, शिक्षण जितके वरचे तितकी रजा स्पष्ट. सीमाभागातल्या बहुतेक मुलींचे शिक्षण मात्र पदवीवर थांबते.

निकालांचा प्रवाह एकसारखा नाही. २०१८ मध्ये दिल्लीत कायद्याच्या एका विद्यार्थिनीला बाळंतपणामुळे हजेरी कमी पडली. बार कौन्सिलची ७० टक्क्यांची अट ढळू न देता न्यायालयाने तिला सवलत नाकारली. २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका तंत्रशास्त्र विद्यापीठाला गरोदर विद्यार्थिनी आणि नवमातांसाठी नियम करण्याचा आदेश दिला. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे मेरठच्या विद्यापीठातील एम.एड.च्या विद्यार्थिनीचा ५९ दिवसांच्या रजेचा प्रश्न आला, तेव्हा उच्च शिक्षण आणि मातृत्व यांतले एक निवडायला स्त्रीला भाग पाडता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. परराज्यातील उच्च न्यायालयाचा निकाल कर्नाटकातील विद्यापीठावर बंधनकारक नसतो, पण अर्जाला जोडला की वजन येते. केरळने २०२३ मध्ये राज्य विद्यापीठांतील १८ वर्षांवरील विद्यार्थिनींना ६० दिवसांची रजा ठरवून दिली. नियमात आकडा असला की कारकुनाला विचार करावा लागत नाही. केरळचे शहाणपण एवढेच आहे.

हजेरीचे गणित

सीमाभागातील पदवी महाविद्यालये मुख्यतः बेळगावजवळच्या भूतरामनहट्टी येथील, २०१० मध्ये स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या छायेत वाढली. सत्र साधारण ९० कामाच्या दिवसांचे आणि हजेरी ७५ टक्के, म्हणजे ६८ दिवस. चुकवता येतात २२. बाळंतिणीचा सव्वा महिना चाळीस दिवसांचा. रविवार वजा केले तरी ३४ दिवस हातचे गेले. सिझेरियन असेल, आधीच्या महिन्यात पाय सुजले असतील, तर तो हिशेब वेगळा. म्हणजे सव्वा महिना पाळणारी आणि एरवी एकही तास न चुकवणारी मुलगीसुद्धा सवलतीवाचून परीक्षेला बसू शकत नाही.

व्यावसायिक अभ्यासक्रमांत गाठ अधिक घट्ट आहे. बी.एड.ला वर्गात ८० टक्के आणि शाळेतील पाठांच्या काळात ९० टक्के उपस्थिती लागते; दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम तीन वर्षांत पुरा करण्याची मुभा आहे, आणि बाळंतपणासाठी ते तिसरे वर्ष हाताशी ठेवणे शहाणपणाचे. नर्सिंगमध्ये प्रात्यक्षिकांची भरपाई पूर्ण केल्याशिवाय पदवी मिळत नाही. गरोदरपणाची माहिती असलेल्या विषयातच गरोदर विद्यार्थिनीची सर्वांत जास्त ओढाताण व्हावी, हा योगायोग चमत्कारिक आहे.

रजेसाठी लेखी अर्ज हवा, तोही शक्यतो बाळंतपणाच्या आधी. सोबत डॉक्टरांचा प्रसूतीच्या अपेक्षित तारखेचा दाखला, तायी कार्डाची झेरॉक्स आणि आयोगाच्या पत्राची प्रत जोडावी; नंतर डिस्चार्ज कार्ड द्यावे. तायी कार्ड म्हणजे कर्नाटकात सरकारी दवाखान्यात नाव नोंदवल्यावर मिळणारे माता-पत्रक. मराठी बायका सर्रास ‘ताई कार्ड’ म्हणतात; कानडीत ‘तायी’ म्हणजे आई, हे ठाऊक नसले तरी काम अडत नाही. अर्जाच्या छापील नमुन्यावर ‘हेरिगे रजे’ असे कानडीत असते. त्यातली ‘रजे’ ओळखीची, ‘हाजराती’ ही आपलीच हजेरी, ‘बाणंती’ ही बाळंतीण. या खात्यात दोन्ही भाषांचे शब्द एकमेकींच्या कडेवर बसलेले आहेत. फॉर्म मात्र एकाच लिपीत येतो, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला तो भरायला कोणीतरी लागते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तोंडी ‘बघू या’ची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

माहेर, सासर आणि दोन राज्ये

पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की मुलगी माहेरी जाते ती बाळाला तिसरा-चौथा महिना लागल्यावर परतते, आणि मधे एक सत्र सबंध निघून जाते. चंदगड, गडहिंग्लज, कागल या कोल्हापूरच्या तालुक्यांशी बेळगाव, खानापूर, निपाणीचा रोटीबेटी व्यवहार १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने थांबला नाही. त्यामुळे कित्येकींचे माहेर एका राज्यात आणि परीक्षा केंद्र दुसऱ्यात. नोंदणी एका राज्यातील पत्रकावर, प्रसूती दुसऱ्या राज्यातील दवाखान्यात आणि दाखला दाखवायचा पुन्हा पहिल्या राज्यातील कॉलेजात. यात कायद्याची अडचण काहीच नाही, नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला कुठलाही चालायला हवा. पण ‘हा महाराष्ट्राचा कागद’ म्हणून भुवया उंचावतात.

प्रवासाचेही तसेच. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातील स्त्रियांना राज्याच्या साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास आहे, मात्र ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता हवा. चंदगडच्या माहेराचे आधार कार्ड घेऊन बेळगावात नांदणारी सून पत्ता बदलेपर्यंत पूर्ण तिकीट काढते. महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, तेही त्या राज्याच्या हद्दीपुरते.

निपाणीत हा तिढा चालत जाऊन पाहता येतो. गावाला लागून असलेले अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथले देवचंद महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. निपाणीतल्या एकाच वाड्यात राहणाऱ्या दोघी जावा, एक अर्जुननगरला आणि दुसरी निपाणीतल्याच कॉलेजात शिकत असतील, तर त्यांच्या रजेचे नियम वेगळे, परीक्षा वेगळ्या आणि दाद मागायची न्यायालयेही वेगळी. दोघींची अंगणवाडी सेविका मात्र एकच.

पीयूसीची वेगळी बाजू

कर्नाटकात ‘कॉलेज’ दहावीनंतर सुरू होते. पीयूसीतील, म्हणजे अकरावी-बारावीतील, मुलगी सोळा-सतरा वर्षांची असते आणि इथे सारा विषय पालटतो. २०१७ पासून कर्नाटकात बालविवाह मुळातच रद्दबातल ठरतो. महाराष्ट्रात केंद्रीय कायद्याप्रमाणे तो अल्पवयीन पक्षाने अर्ज केल्यावर रद्द होतो. अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर असल्याचे कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे डॉक्टर-शिक्षकांवर बंधनकारक आहे. उद्देश संरक्षणाचा, परिणाम असा की घरचे गुन्ह्याच्या भीतीने तपासणीच टाळतात आणि मुलगी कॉलेजातून गुपचूप नाहीशी होते. आयोगाचे २०२१ चे पत्र पीयूसीला लागू नाही. व्यवहारात कामी येते ती वेगळीच सोय : २०२४ पासून द्वितीय पीयूसीची परीक्षा वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा होते, त्यामुळे मार्च हुकला तरी वर्ष हुकत नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे.

लग्न न झालेल्या सज्ञान विद्यार्थिनीबद्दल घरांत बोलले जात नाही, म्हणून इथे सांगणे भाग आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याप्रमाणे १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची, आईवडिलांची किंवा प्राचार्यांची लागत नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत लागते. त्यापुढे २४ आठवड्यांपर्यंत, ठरावीक वर्गांतील स्त्रियांसाठी, दोन डॉक्टरांचे मत लागते. सप्टेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या तरतुदीतून अविवाहितेला वगळता येत नाही. नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

पैसा आणि पोषण

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये पात्र मातेच्या खात्यात जमा होतात; विद्यार्थिनी असणे आड येत नाही. कर्नाटकाच्या मातृपूर्ण योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दुपारचे गरम जेवण आहे, पण योजनेची कल्पनाच तिथे येऊन जेवण्याची, आणि दुपारी बारा-एकला कॉलेजची मुलगी तासाला किंवा बसमध्ये असते. कर्नाटकाच्याच गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये कुटुंबप्रमुख स्त्रीला मिळतात; ती बहुधा सासू. सुनेच्या परीक्षा फीपर्यंत ते पोचतात की नाही हे घराघरावर अवलंबून.

तक्रार कुठे करायची

आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. विद्यापीठाने रजेचे नियम केले आहेत का, हे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येते, आणि नुसता तो अर्ज गेल्यानेही पुष्कळदा फाइल हलते. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यास आयोगाने २०१८ मध्ये मनाई केली आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता फुकट वकील मिळतो, दूरध्वनी १५१००. रिट याचिकेसाठी बेळगाव जिल्ह्याला कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ. अर्जुननगरच्या जावेला ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच.

बाळाची सोय

परीक्षेच्या दिवसांत कॉलेजच्या फाटकाजवळ हमखास एखादी आजी दिसते. मांडीवर कुंची घातलेले बाळ, बाजूला वाटी-चमचा आणि गरम पाण्याचा थर्मास. मुलगी पहिली घंटा होईपर्यंत सायकल स्टँडच्या आडोशाला पाजते आणि आत पळते. पेपर तीन तासांचा. मधे पाजायला बाहेर येण्याची तरतूद परीक्षेच्या नियमांत सहसा नसते. दीड तासाने पदर ओला होतो, तेव्हा ती रुमालाची घडी आत सरकवून पुढचा प्रश्न घेते. बाहेर आजी बाळाला फाटकापासून पिंपळापर्यंत फिरवत राहते.

मातृत्व लाभ कायद्यात, आणि आता त्याच्या जागी आलेल्या संहितेतही, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे आहे, पण ते कर्मचाऱ्यांसाठी. विद्यार्थिनीचे बाळ त्यात बसत नाही. वसतिगृहांच्या नियमावलीत बाळ हा शब्दच सापडत नाही, आणि बाप झालेल्या विद्यार्थ्यासाठी तर रजेचा उल्लेखही कुठे नाही. कर्नाटकात २०२३ पासून ग्रामपंचायतींनी ‘कूसिन मने’ म्हणजे तान्ह्यांचे घर या नावाने तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघरे उघडली, ती मुख्यतः रोजगार हमीवर जाणाऱ्या बायांसाठी. जॉब कार्डऐवजी कॉलेजचे ओळखपत्र दाखवून तिथे बाळ ठेवता येत असते, तर खानापूरच्या खेड्यातून सकाळची बस धरणाऱ्या मुलीची आजीवाचूनही सोय झाली असती.