अंगात रक्त नाही म्हणता, मग परत का काढता?

हिवतापाने ॲडमिट असलेल्या पोराचं रक्त घ्यायला आमचा माणूस तिसऱ्यांदा आला की उशाशी बसलेली आजी हाच प्रश्न विचारते. रास्तच आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, लोंढा भागातून आमच्या लॅबकडे येणाऱ्या घरांसाठी त्याचं उत्तर इथे देतोय.

हिवताप, म्हणजे मलेरिया, आपल्याकडे मुख्यतः दोन जातींचा: व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम. मुलं अत्यवस्थ होतात ती बहुतेक फॅल्सिपेरमने. हा जंतू ज्या तांबड्या पेशींत शिरतो, त्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटून बसतात, अगदी मेंदूतल्यासुद्धा. त्यामुळे बोटाच्या रक्तात जंतू थोडेच दिसले तरी मूल गंभीर असू शकतं. पहिली स्लाईड, म्हणजे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी, निगेटिव्ह आली आणि संशय कायम असला, तर डॉक्टर 12 ते 24 तासांत पुन्हा मागवतात. कार्ड टेस्ट, म्हणजे पट्टीवर रक्ताचा थेंब टाकून होणारी तपासणी, लवकर होते खरी, पण फॅल्सिपेरमचं कार्ड जंतू मेल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतं. औषध लागू पडतंय का, हे स्लाईडवर जंतू मोजूनच कळतं.

साखर तपासायला घेतात तो रक्ताचा थेंब मात्र कधीही नाकारू नका. पोर जेवलेलं नसतं, त्यात जंतू साखर खातो. रक्तातली साखर 40 मिलिग्रॅमच्या (दर 100 मिली रक्तात) खाली गेली की मूल निपचित पडतं आणि घरच्यांना वाटतं, दमून झोपलंय. सलाईनमधून ग्लुकोज गेलं की कधी कधी तेच पोर पाणी मागतं.

हिमोग्लोबिनचंही तसंच. मलेरिया झालेल्या बारा वर्षांखालच्या मुलाचं 5 ग्रॅमच्या (दर 100 मिली रक्तात) खाली उतरलं तर तो गंभीर मलेरियाच, रक्त चढवावं लागू शकतं. आम्ही काढतो ते एक-दोन मिली. रक्त कमी होतं ते जंतू तांबड्या पेशी फोडतो म्हणून, सुईमुळे नाही.

गंभीर मलेरियात इंजेक्शन आर्टेसुनेट या औषधाचं असतं: भरती होताच, मग 12 आणि 24 तासांनी, पुढे रोज एक. डोस वजनावर ठरतो, म्हणून आधी काट्यावर ठेवतात. आफ्रिकेतल्या 9 देशांत 5,425 मुलांवर झालेला अभ्यास 2010 साली आला. त्यात क्विनाईन या जुन्या औषधावर 10.9 टक्के मुलं दगावली, आर्टेसुनेटवर 8.5 टक्के. शुद्धीवर येऊन तोंडाने घेता आलं की तीन दिवसांच्या गोळ्या असतात. ताप उतरला म्हणून त्या अर्ध्यावर सोडू नका.

आकडी आली, पोर बसेना, दूध ओढेना, धाप लागली, डोळे पिवळे झाले किंवा लघवी काळपट झाली, तर लॅबला येऊच नका. वडापची (प्रवासी जीपची) वाट न बघता 108 ला फोन करा आणि थेट मोठा दवाखाना गाठा. नुसता ताप असेल तर त्याच दिवशी, मलेरियाची गोळी देण्याआधी रक्त तपासा. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. तिथे झाली असेल तर कागद घेऊन या, उगाच दोनदा पैसे घालवू नका. महिन्याभरात मूल कुठे मुक्कामाला होतं तेही सांगा. गोव्याला बांधकामावर गेलेल्या आईबापांबरोबर असेल तर नक्कीच.

घरी सोडल्यावर पोर अंगणात खेळायला लागतं आणि इकडे कुणी फिरकत नाही. पण आर्टेसुनेटनंतर काही मुलांत आठवड्याने किंवा त्याहीनंतर तांबड्या पेशी पुन्हा फुटतात. म्हणून 7, 14 आणि 28 व्या दिवशी हिमोग्लोबिन बघून घ्या. उपाशी यायची गरज नाही, जेवूनच आणा.