सिल्कीचं पिल्लू: ओळखायचं कसं, नागपुरात वाढवायचं कसं

कुठल्याही कोंबडीचं एक दिवसाचं पिल्लू हातात घ्या, त्याच्या अंगावर मऊ लवच असते. मग ते देशी असो, ब्रॉयलर असो की कडकनाथ. सिल्की ही जात जगभर ओळखली जाते ती तिच्या केसांसारख्या मोकळ्या, रेशमी पिसांमुळे, आणि नेमकं हेच लक्षण जन्माच्या दिवशी तपासता येत नाही. पंखांची पहिली पिसं नीट फुटेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. तोवर पैसे देऊन झालेले असतात, पिल्लांना नावंही ठेवून झालेली असतात. फॅन्सी कोंबड्यांची हौस असणाऱ्या नागपूरकरांकडून मी सर्वांत जास्त ऐकलेली तक्रार हीच: सिल्की म्हणून घेतलं आणि मोठेपणी साधीच कोंबडी निघाली. ही फसगत कशी होते हे आनुवंशिकी अगदी स्वच्छ सांगते.

आधी पिसाकडे बघू. साध्या पिसाच्या मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी बारीक फांद्या फुटतात, त्या फांद्यांना आणखी बारीक उपफांद्या, आणि उपफांद्यांवर सूक्ष्म आकडे असतात. शेजारशेजारच्या उपफांद्या या आकड्यांनी चेनसारख्या एकमेकींत अडकतात आणि पिसाचा सलग पापुद्रा तयार होतो. हवा कापायला आणि पाणी अडवायला तो पापुद्राच लागतो. सिल्कीच्या पिसांत हे आकडे तयारच होत नाहीत. फांद्या सुट्या राहतात, पीस फुलून मऊ दिसतं, पण त्यात ना उडण्याची ताकद ना पाऊस अडवण्याची. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचं कारण सापडलं. पीडीएसएस-२ नावाच्या जनुकाचं काम सुरू करणाऱ्या भागात डीएनएचं एक अक्षर बदललं आहे, त्यामुळे पीस घडत असताना ते जनुक कमी काम करतं.

हा बदल अप्रभावी आहे. आई आणि बाप दोघांकडून तो आला तरच पिसं रेशमी होतात, एकाकडूनच आला तर पिल्लू साध्या पिसांचं. सिल्कीची बाकीची ठळक लक्षणं मात्र उलट वागतात. डोक्यावरची पिसांची शेंडी, पायांवरची पिसं, पाचवं बोट आणि काळी कातडी ही सगळी लक्षणं एकाच पालकाकडून आली तरी बहुतेक वेळा दिसतात. इतर बहुतेक कोंबड्यांना पायाला चार बोटं असतात. सिल्कीचं पाचवं बोट सोनिक हेजहॉग या जनुकावर लांबून ताबा ठेवणाऱ्या डीएनएच्या एका तुकड्यातल्या बदलामुळे येतं, आणि त्याच तुकड्यातल्या बदलांमुळे काही मांजरांना आणि माणसांनाही जादा बोटं येतात. काळेपणाचं मूळ कोंबडीच्या विसाव्या गुणसूत्रावर आहे. तिथले दोन तुकडे दुप्पट झाले आहेत, त्यांतल्या एकात एंडोथेलिन-३ हे जनुक आहे. त्याचं काम वाढलं की रंग तयार करणाऱ्या पेशी कातडीपुरत्या न थांबता स्नायूंत, हाडांच्या आवरणात, आतल्या अवयवांपर्यंत पसरतात.

आता आपला कडकनाथ आठवा. झाबुआच्या या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि विदर्भातही ती पाळणारे आहेत. तिचा काळेपणा आणि सिल्कीचा काळेपणा गुणसूत्रावरच्या त्याच फेरबदलातून येतो. म्हणजे सिल्कीचा कोंबडा आणि कडकनाथची तलंग यांचा संकर केला तर पहिल्या पिढीचं पिल्लू काळ्या कातडीचं, बहुधा पाच बोटांचं, पुढे शेंडी फुटणारं आणि अंगावर लव असलेलं असं निघतं. जन्माच्या दिवशी ते अस्सल सिल्कीच वाटतं. महिनाभराने त्याला साधी, सपाट पिसं येतात. विकणारा दर वेळी लबाडच असतो असं नाही, त्यालाही तेवढंच दिसलेलं असतं.

देशी कोंबडीशी संकर झाला तर थोडा मागमूस लागतो. कातडीतला काळा रंग दडपणारं एक जनुक लिंग गुणसूत्रावर बसलेलं असतं. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या देशी कोंबडीवर सिल्कीचा कोंबडा सोडला तर माद्या काळसर आणि नर उजळ निघतात. बाप उजळ पायांचा आणि आई सिल्की असेल तर सगळीच पिल्लं उजळ. बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी सिल्की आणि लेगहॉर्न यांचे संकर करून हे कोडं १९११ मध्येच मांडलं होतं. म्हणून एका घाण्यातली काही पिल्लं काळी आणि काही गुलाबी पायांची दिसली तर ती घेऊ नका.

मग घेताना पाहायचं काय? पिल्लापेक्षा त्याचे आईबाप पाहा. दोघेही रेशमी पिसांचे असतील तर सगळी पिल्लं रेशमीच होणार, इथे नशिबाचा भाग नाही. आईबाप दाखवता येत नसतील तर सहा-आठ आठवड्यांची, पिसं फुटलेली पिल्लं घ्या. ती महाग असतात, पण खात्रीची असतात. आठवडाभराच्या पिल्लांची 'जोडी' म्हणून कोणी जादा पैसे मागत असेल तर देऊ नका, कारण सिल्कीत नर-मादी ओळखायला कित्येक महिने लागतात. निळ्या रंगाचंही तसंच. निळा रंग एका जनुकाच्या दोन वेगळ्या प्रती एकत्र आल्यावर दिसतो, त्यामुळे निळ्याची जोडी लावली तर सरासरी निम्मीच पिल्लं निळी होतात. पाव काळी आणि पाव पांढुरकी, ठिपक्यांची. सगळी निळी हवी असतील तर काळ्याची जोडी ठिपक्यांच्या पक्ष्याशी लावायची.

आता प्रश्न आणण्याचा. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे लांबून पक्षी मागवणं इथे जमण्यासारखं आहे. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस अन्नपाण्याशिवाय तगतं. निसर्गाने ही सोय आधी निघालेल्या पिल्लांनी मागे राहिलेल्यांची वाट पाहावी म्हणून केली आहे, आपण ती प्रवासासाठी वापरतो. पण तीन दिवस ही शेवटची मर्यादा आहे, वेळापत्रक आखताना ती सरासरी धरू नये.

अंडी मागवायची तर ऋतू बघावाच लागतो, आणि नागपुरात हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साधारण २० अंशांच्या खाली अंड्यातला गर्भ थांबून राहतो. त्यावर तापमान गेलं की वाढ सुरू होते, पण ३७ अंशांजवळ स्थिर ऊब नसेल तर ती वेडीवाकडी होते आणि गर्भ मरतो. एप्रिल-मेमध्ये पार्सलच्या डब्यात दोन दिवस तापलेली अंडी उबवणीच्या मशिनमध्ये घालण्याआधीच बिघडलेली असतात. बाहेरून त्यांत काही कळत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात प्रवासातलं तापमान अंड्यांना मानवतं. अंडी आल्यावर टोकदार बाजू खाली ठेवून एक दिवस स्थिर राहू द्यावीत, म्हणजे हिंदकळलेली हवेची पोकळी जागेवर बसते. मशिनमध्ये ३७.५ अंश, आर्द्रता पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात ही शेवटची आर्द्रता आपोआप मिळत नाही, पाण्याचा ट्रे वाढवावा लागतो.

मशिन नसेल तर खुडूक कोंबडी. सिल्की स्वतःच या कामात पटाईत आहे. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलं की कोंबडी अंडी घालणं थांबवून खुराड्यात ठाण मांडते, आणि सिल्कीत ही प्रवृत्ती इतकी प्रबळ असते की इतर पक्ष्यांची अंडीही तिच्याखाली उबवायला ठेवतात. व्यापारी जातींतून हा गुण निवडीने जवळजवळ पुसला गेला, हौशी जातींनी तो जपला. मला या पक्ष्याबद्दल सर्वांत जास्त माया वाटते ती याच गोष्टीची.

पिल्लं घरी आली की आधी पाणी, खाद्य नंतर. पाणी साध्या तापमानाचं, भांडं उथळ आणि त्यात स्वच्छ गोटे टाकलेले, कारण ही पिल्लं लहान चणीची असतात आणि वाटीभर पाण्यातही बुडतात. पहिला आठवडा पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. थर्मामीटर हवाच, पण पिल्लंही सांगतात. ऊब देणाऱ्या बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे. कडेला पसरून चोच उघडी टाकली असेल तर उकडतंय. निवांत पांगलेली असतील तर बरोबर. नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांवर गेला होता, त्यामुळे हिवाळ्यात वीज गेल्यावर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवावं. कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या तासदोन तास निभावून नेतात.

उन्हाळ्यात सगळं उलटं होतं. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून ओलाव्यावाटे उष्णता बाहेर टाकते. तिच्या शरीराचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं, म्हणून नवतपात ४५ अंशांच्या हवेत तिला उष्णता टाकायला जागाच उरत नाही. मात्र विदर्भातली मेमधली हवा कोरडी असते आणि पाण्याची वाफ झपाट्याने होते, त्यामुळे आपला साधा कूलर इथे उत्तम चालतो. झोत पिल्लांवर नको, खोली गार झाली की पुरे. पाऊस सुरू झाला की तोच कूलर निरुपयोगी ठरतो, कारण दमट हवेत वाफ होत नाही. माझा आग्रह ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिल्लं काढण्याचा आहे. एप्रिल उजाडेपर्यंत ती पाच-सहा महिन्यांची, पूर्ण पिसांची होतात आणि पहिला उन्हाळा झेपतो.

पावसाळ्यात भिजलेली सिल्की लवकर सुकत नाही, गारठून मरते. शिवाय ओल्या लिटरमध्ये, म्हणजे पिल्लांखालच्या अंथरणात, कॉक्सिडियाचे जंतू वाढतात आणि रक्ती हगवण लागते. भंडारा-गोंदियाकडून येणारा भाताचा तूस लिटरला उत्तम, पण तो रोज हलवून कोरडा ठेवायला हवा. राणीखेत रोगाची लस पहिल्याच आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात. मरेक्स या रोगाला सिल्की विशेष बळी पडते आणि त्याची लस जन्माच्या दिवशीच द्यावी लागते, म्हणून पिल्लं घेताना ती दिली आहे का हे आवर्जून विचारा. लसींचं वेळापत्रक पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावं. पशुवैद्यक महाविद्यालय शहरातच आहे, ही नागपूरकरांची मोठी सोय. आणखी एक काळजी म्हणजे शेंडीच्या पक्ष्यांची कवटी अनेकदा वरून फुगीर आणि अपुरी जुळलेली असते. दुसऱ्या जातीच्या दांडग्या पिल्लाची एक टोच तिथे बसली तर थेट मेंदूला इजा होते. सिल्कीची पिल्लं वेगळीच वाढवा.

बर्ड फ्लू तर आपल्या दारात येऊन गेला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ने दगावले. पाळीव कोंबड्यांत लागण आढळली की त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारले जातात, त्यात दुर्मीळ जातीला सूट नसते. म्हणून जपलेला सगळा कळप एकाच आवारात ठेवणं धोक्याचं आहे.

वाण टिकवायचं तर नात्यातलं प्रजननही टाळावं लागतं. सख्ख्या भावाबहिणींची जोडी लागली तर त्यांच्या पिल्लांत दर चार जनुकांपैकी सरासरी एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. अंडी कमी फुटतात, पिल्लं अशक्त निघतात. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या असा कळप दिसायला अकरा पक्ष्यांचा, पण प्रजननाच्या हिशेबात तो जेमतेम साडेतीन पक्ष्यांएवढा भरतो, कारण निम्मी जनुकं त्या एकट्या कोंबड्याची असतात. कोंबडे चार केले तर हाच आकडा अकराच्या पुढे जातो. एका हौशी माणसाला चार कोंबडे सांभाळणं अवघड आहे. पण नागपुरात दोघांनी, कामठीत एकाने आणि उमरेडला एकाने एकेक कोंबडा ठेवला, पायात क्रमांकाचं कडं घातलं, कोणाची पिल्लं कोणती याची वही ठेवली आणि दर हंगामात कोंबडे आपसात बदलले, तर तेवढ्यात काम भागतं. बाहेरून आलेला कोंबडा मात्र तीन-चार आठवडे वेगळा ठेवूनच कळपात सोडायचा.