मनाची चाचणी अरबीत: भाषांतर वेगळे, रूपांतर वेगळे

अमेरिकेतल्या डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्नमध्ये निम्म्याहून अधिक लोक अरब आणि मध्यपूर्वेकडच्या वंशाचे आहेत. तिथल्या दवाखान्यात एखाद्या इराकी किंवा लेबनीज माणसाच्या हाती नैराश्याची चाळणी करणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली अरबीत सहज देता येते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. अरबी प्रत फुकट मिळते, त्यामुळे काम संपले असे वाटते. संपलेले असते ते भाषांतर.

भाषांतर तपासायला अरबी मजकूर पुन्हा इंग्रजीत करून मुळाशी ताडतात. ते गरजेचेच, पण उत्तर देणाऱ्याने प्रश्न काय समजून घेतला, हे त्यातून कळत नाही. रूपांतराची, म्हणजे प्रश्न त्या लोकांच्या जगण्याशी जुळवून घेण्याची, सुरुवात तिथून होते.

रमजानचेच घ्या. झोप, थकवा आणि भूक यांवर एकेक प्रश्न आहे. पहाटे उठून सहरी, दिवसभर रोजा, रात्री जागरण, म्हटल्यावर तिन्ही बिघडणार आणि निर्दोष भाषांतरातही गुण फुगणार. तेव्हा महिना कोणता, माणूस रोजे धरतो का, हे आधी विचारायला हवे. (धरतच असेल असे नाही. डेट्रॉइट परिसरातले पुष्कळ इराकी कॅल्डियन ख्रिस्ती आहेत.)

सगळ्यांत अवघड नववा प्रश्न: मरून जावे किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का? इस्लाममध्ये आत्महत्या निषिद्ध, त्यात दुभाषा म्हणून घरचाच मुलगा शेजारी बसलेला. मग ‘नाही’ हे उत्तर ठरलेलेच. हा प्रश्न वगळलेली पीएचक्यू-८ उपलब्ध आहे, पण इथे ती वापरणे मला पळवाट वाटते. बाहेरचा, प्रशिक्षित दुभाषा बोलवावा, ‘देवाने आता न्यावे असे वाटते का’ इथून सुरुवात करावी आणि मग मूळ प्रश्नाकडे यावे.

सिएटलमध्ये निर्वासितांसाठी केलेली आरएचएस-१५ ही प्रश्नावली मुळातच या विचाराने बांधलेली आहे. तिचा पहिला प्रश्न मनाचा नाही, स्नायू, हाडे, सांधे दुखण्याचा आहे. त्रास किती, हे दाखवायला रिकाम्यापासून भरलेल्यापर्यंत बरण्यांची चित्रे आहेत. लिहिता-वाचता न येणाराही बोट ठेवू शकतो.

राहिला आकडा. पीएचक्यू-९ मध्ये १० किंवा जास्त गुण आले की पुढची तपासणी सुचवतात. ती रेषा २००१ साली अमेरिकन दवाखान्यांतल्या रुग्णांवरून ठरली. अरबी बोलणाऱ्यांसाठी ती तशीच चालेल का, हे त्यांच्यातल्या लोकांच्या मुलाखती तज्ज्ञांनी घेऊन, निदान आणि गुण शेजारी ठेवूनच ठरवता येते.