एलएलबी सीईटी दिली, आता ‘कॅप’चा (प्रवेश प्रक्रियेचा) फॉर्म भरला का? वकिलीच्या प्रवेशाची कागदपत्रांसह माहिती

दरवर्षी पावसाळ्यात आमच्या फॉर्म भरायच्या केंद्रावर एखादा तरी मुलगा एलएलबी सीईटीच्या स्कोअरकार्डची प्रिंट घेऊन येतो. ‘दादा, मार्क चांगले पडलेत, कॉलेज कधी लागेल?’ मी विचारतो, ‘कॅप’चा फॉर्म भरलास का? तो म्हणतो, ‘भरला ना, परीक्षेच्या आधीच.’ तिथेच माझ्या पोटात गोळा येतो, कारण परीक्षेच्या आधी भरला तो परीक्षेचा फॉर्म. कॉलेजात बसण्याचा फॉर्म वेगळा. तो निकालानंतर सुटतो, त्याची फी वेगळी, मुदत वेगळी, आणि तो भरला नाही तर स्कोअरकार्ड फ्रेम करून भिंतीवर लावण्यापुरतंच उरतं.

म्हणून आधी हे डोक्यात पक्कं बसवा. पहिला फॉर्म सीईटीचा. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सगळे ज्याला ‘सीईटी सेल’ म्हणतात, तो ही परीक्षा घेतो. दुसरा कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा. त्यात कागद अपलोड करायचे, ते तपासले जातात, गुणवत्ता यादी लागते आणि मग कॉलेजांची पसंती भरायची. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय असो, पुण्याचं आयएलएस असो की कोल्हापूरचं शहाजी लॉ कॉलेज, कॅपमधली जागा याच वाटेने मिळते.

तीन वर्षांचा की पाच वर्षांचा

बारावीनंतर पाच वर्षांचा, पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींची सीईटी वेगळी. बारावीची किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देत असाल तरी सीईटीला बसता येतं, मात्र प्रवेशाच्या वेळी निकाल हातात हवा.

टक्केवारीची अट वकिली शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतून येते: खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसी आणि तत्सम मागास प्रवर्गांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. यात ‘थोडंसंच कमी आहे’ असं काही चालत नाही. ४४.८ टक्क्यांना ४५ धरून फॉर्म भरू नका, तपासणीत अडकतो. वयाची मात्र चिंता नको. कमाल वयाची अट सीईटीला नाही. माझ्याकडे निवृत्तीनंतर तीन वर्षांच्या एलएलबीचा फॉर्म भरायला आलेले काका आहेत आणि त्यांची फाइल कुठल्याही पोरापेक्षा नीट होती.

मुक्त विद्यापीठाच्या पदवीबद्दल फार गैरसमज आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का? चालते, पण तुम्ही आधी दहावी आणि बारावी रीतसर पास झालेला असाल तर. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत स्पष्टीकरण आहे की बारावीचा पाया नसताना थेट मुक्त विद्यापीठातून मिळवलेली पदवी एलएलबीसाठी ग्राह्य नाही. म्हणजे बारावीऐवजी मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन बीए केलेल्यांनी सीईटीची फी भरण्याआधी हे तपासावं. दूरशिक्षणातून केलेली पदवी मात्र, आधीची पायरी पूर्ण असेल तर, ग्राह्य असते.

नोकरीवाले आणखी एक गोष्ट विचारतात: ‘रविवारच्या वर्गांचं कॉलेज आहे का?’ नाही. एलएलबी पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने होत नाही, आणि प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरीचा नियम आहे. कोण कुठे ती हजेरी कशी ‘सांभाळतो’ हा विषय वेगळा, पण नियम हाच.

परीक्षा

यावर फार लिहीत नाही, कारण क्लासवाले पुरेसं लिहितात. दोन तास, १२० प्रश्न, १२० गुण, संगणकावर, चार पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. पाच वर्षांच्या पेपरात कायद्याची समज ३२, तर्क ३२, सामान्य ज्ञान २४, इंग्रजी २४ आणि गणित ८ गुणांना. तीन वर्षांच्या पेपरात गणित नाही, पण इंग्रजी तब्बल ४० गुणांना आहे. सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी ३२, कायदा आणि तर्क प्रत्येकी २४. पेपर मराठीतूनही असतो, तरी त्या ४० गुणांना मराठी माध्यमाचा विद्यार्थी बिचकतो. तयारी करताना जास्त वेळ तिथेच द्या.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांत, म्हणजे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या एमएनएलयूत, जायचं असेल तर ही सीईटी कामाची नाही. त्याला क्लॅट ही या विद्यापीठांची सामाईक परीक्षा लागते. ती साधारण डिसेंबरात होते, इंग्रजीतूनच असते आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. फीही जास्त, खुल्या गटाला ४,००० रुपये. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा आणखी वेगळी, आयलेट. बारावीत शिकणाऱ्यांनी क्लॅटचा फॉर्म दिवाळीच्या आधीच बघावा. सीईटीच्या फॉर्मसोबत तो भरू म्हणाल तर तोवर क्लॅट होऊन गेलेली असते.

खरी परीक्षा: कागद

सीईटीचा फॉर्म भरताना लागतं थोडं: फोटो, सही, ओळखपत्र, दहावी-बारावीचा तपशील. फक्त नावाकडे लक्ष द्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बापाच्या नावात एका ठिकाणी ‘राव’ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, हे नेहमीचं. फॉर्ममध्ये दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे नाव टाका आणि आधार आधीच दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी दाखला फाइलला लावावा.

फॉर्ममध्ये प्रवर्ग निवडताना घाई करू नका. त्या एका चौकटीमागे पुढे कागदांची रांग लागते.

जातीचा दाखला पुरत नाही. राखीव जागा हवी तर जात वैधता प्रमाणपत्र, बोलीभाषेत ‘व्हॅलिडिटी’, लागतं. विज्ञान शाखेच्या मुलांना कॉलेज अकरावी-बारावीतच सांगतं, कारण त्यांना इंजिनिअरिंग-मेडिकलला लागतं. कला आणि वाणिज्यच्या मुलांना बहुतेक ठिकाणी कुणी सांगत नाही, आणि वकिलीला येतात ते बहुतेक हेच. बारावीची परीक्षा व्हायच्या आधी प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र घ्या आणि जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज टाका. अनुसूचित जमातींची तपासणी समिती वेगळी असते.

व्हॅलिडिटीला वंशावळ आणि शपथपत्रं लागतात, आणि घरातले जुने पुरावे. किती जुने? अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा जुना जन्म-मृत्यू उतारा यात सोन्यासारखा. तो आजोबांच्या गावच्या शाळेत जनरल रजिस्टरमध्ये सापडतो, हेडमास्तरांना भेटून उतारा मागावा लागतो, आणि शाळेला मे महिन्यात सुट्टी असते. हे शेवटचं कारण ऐकून लोक हसतात, पण कित्येकांचा महिना त्यातच जातो. वडिलांची, सख्ख्या काकांची किंवा सख्ख्या भावंडांची व्हॅलिडिटी आधीच निघाली असेल तर काम बरंच सोपं होतं.

ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) यांना नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्रही लागतं. त्याच्यावरची तारीख वाचा. ज्या शैक्षणिक वर्षाचा प्रवेश, ते वर्ष संपतानाच्या ३१ मार्चपर्यंत ते चालू असलं पाहिजे. परवाच एकीचं प्रमाणपत्र बघितलं: लॅमिनेशन नवं कोरं, पण मुदत याच वर्षीच्या मार्चात संपलेली. तिला वाटत होतं एकदा काढलं की झालं. अनुसूचित जाती-जमातींना हे लागत नाही. ईडब्ल्यूएसवाल्यांचं (आर्थिक दुर्बल घटक) प्रमाणपत्र चालू वर्षाचं हवं, आणि राज्याचा नमुना वेगळा, केंद्राचा वेगळा. सीईटीला राज्याचा.

कागद वेळेत नाही आले तर? अर्ज केल्याची पावती लावायची सोय सहसा दिलेली असते, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत दाखवावंच लागतं. नाही दाखवलं तर तुम्हाला खुल्या गटात धरतात, आणि त्या गुणांवर खुल्यातून जागा टिकत नसेल तर ती जाते.

महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून गणलं जायला दहावी-बारावी इथून आणि अधिवास किंवा जन्माचा पुरावा लागतो. शिक्षण बाहेर झालं असेल तर स्वतःचा नाहीतर आई-वडिलांपैकी एकाचा अधिवास दाखला लागेल. पणजीतला किंवा इंदूरमधला विद्यार्थी घरात मराठी बोलतो म्हणून महाराष्ट्राचा ठरत नाही; अधिवास नसेल तर तो राज्याबाहेरचा.

स्कॅनिंगचंही सांगतो. मोबाइलने जमिनीवर ठेवून काढलेला फोटो, कोपऱ्यात अंगठा आणि खाली फरशीचे ठिपके, असा कागद तपासणारा परत पाठवतो. दुकानात पाच-दहा रुपये देऊन सरळ पीडीएफ करून घ्या. कागद परत आला तर मेसेज लॉगिनमध्ये दिसतो. तो रोज उघडून बघा आणि मुदतीत दुरुस्त करा. तपासणी पूर्ण झालेल्याचंच नाव यादीत लागतं.

पसंतीक्रम आणि पैसे

पसंतीच्या यादीत ‘कुठेतरी लागावं’ म्हणून नावं कोंबू नका. पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका, जे मिळालं तर पुढच्या फेरीची वाट न बघता तुम्ही जाऊन बसाल. शेवटी तीच टाका, जिथे रोज एसटीने जाणं-येणं जमेल. कॉलेज लागलं की दिलेल्या मुदतीत फी आणि मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, नाहीतर ती जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याला जाते.

वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना राज्याच्या जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर सवलत नाही. फी माफीसाठी राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो, म्हणून तहसीलचा उत्पन्न दाखला आताच काढून फाइलला लावा.