‘कॅनेडियन अनुभवा’ची अट कशी आली, कशी गेली: ओंटारियोतील इंजिनिअर परवान्याची पार्श्वभूमी

29 ऑगस्ट 1907 रोजी क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवरचा पूल बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि 75 कामगार ठार झाले. पोलादाचे वजन हिशेबात धरल्यापेक्षा जास्त भरले होते, दाब घेणारे भाग वाकत होते, आणि ते दिसूनही काम वेळेत थांबवले गेले नाही. 1916 मध्ये त्याच पुलाचा मधला गाळा वर चढवताना नदीत पडला. आणखी 13 जण गेले. आराखड्यावर सही करणाऱ्याने लोकांना जबाबदार असले पाहिजे, हा आग्रह त्या काळातला. कॅनडाच्या ओंटारियो प्रांताचा इंजिनिअर कायदा 1922 मध्ये झाला आणि 1937 पासून परवाना सक्तीचा झाला.

व्यवसायांचे नियमन कॅनडात प्रांतांकडे असते. स्थलांतराची मुख्य सूत्रे मात्र केंद्र सरकारच्या हाती. स्थलांतरितांना गुण देऊन निवडण्याच्या 1967 च्या पद्धतीत शिक्षणाला गुण मिळू लागले आणि जगभरचे इंजिनिअर येऊ लागले. पण ज्या पदवीवर ओटावातील केंद्र सरकारने प्रवेश दिला, ती प्रांताच्या नियामक संस्थेने मानलीच पाहिजे असे बंधन नव्हते. सगळ्या गुंत्याचे मूळ इथे आहे.

ओंटारियोत परवान्यासाठी 48 महिन्यांचा अनुभव लागतो. त्यातले किमान 12 महिने कॅनडात, परवानाधारक इंजिनिअरच्या देखरेखीखाली काढलेले असावेत, अशी अट होती. कायद्याने पाहिले तर परवानाधारक जबाबदारी घेत असेल तर त्याच्या हाताखाली बिनपरवाना काम करता येते. व्यवहारात कंपन्या आधी परवाना मागत आणि संस्था आधी नोकरी. फक्त हे 12 महिने बाकी असलेल्यांसाठी तात्पुरता परवाना होता, पण तो घेऊनही नोकरी शोधावी लागेच.

आधाराची जाळी याच फटीत उभी राहिली. मॅनिटोबा विद्यापीठाने परदेशी पदवीधरांसाठी पूरक अभ्यासक्रम सुरू केला. टोरोंटोत 2003 मध्ये ट्रिएक ही संस्था स्थापन झाली. तिच्या मार्गदर्शन उपक्रमात नवागताला त्याच क्षेत्रातला अनुभवी माणूस जोडून दिला जातो. आमच्या मते यातली सर्वांत मोलाची मदत म्हणजे स्थानिक संहिता (डिझाइनचे तांत्रिक नियम) आणि कामाच्या नोंदी ठेवण्याची रीत समजावून देणे. नुसत्या ओळखींनी तेवढे साधत नाही.

कायदा मात्र हळू हलला. 2006 मध्ये ओंटारियोने नियमन असलेल्या व्यवसायांत न्याय्य प्रवेशाचा कायदा केला. 2013 मध्ये प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने कॅनेडियन अनुभवाची सरसकट अट सकृद्दर्शनी भेदभाव ठरते, असे धोरण जाहीर केले. अल्बर्टात 2014 मध्ये चेकोस्लोव्हाकियात शिकलेल्या इंजिनिअरच्या बाजूने न्यायाधिकरणाने निकाल दिला, पण 2016 मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. अखेर ओंटारियोने 2021 च्या कायद्याने अशा अटींना बंदी घातली आणि मे 2023 मध्ये इंजिनिअरांच्या नियामक संस्थेने 12 महिन्यांची अट काढून टाकली.

48 महिने कायम आहेत. ते कुठे काढले याला आता महत्त्व नाही. शिवाय कायदा व नीतिमत्तेची परीक्षा द्यावीच लागते: 110 बहुपर्यायी प्रश्न, अडीच तास. भारत 2014 मध्ये वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पूर्ण सदस्य झाला, पण ‘भारतीय पदवी म्हणजे आपोआप मान्यता’ हा गैरसमज आहे. करारात फक्त ठरावीक मानांकन मिळालेले अभ्यासक्रम येतात आणि परवान्याचा अंतिम निर्णय प्रांताची संस्थाच घेते.

अनुभवाची छाननी आता 34 क्षमतांच्या आधारे, सात गटांत होते. अर्ज अडतात ते इथे. ‘आमच्या संघाने डिझाइन केले’ असे लिहिले की अर्जदाराने स्वतः काय केले ते कळत नाही. भार किती धरला, कोणती संहिता वापरली, पर्याय का नाकारला आणि चूक कशी पकडली, हे प्रथमपुरुषी एकवचनात लिहावे लागते. प्रत्येक दाव्याला काम प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीचा दुजोरा हवा. जुनी कंपनी बंद पडलेली असते, साहेब निवृत्त झालेले असतात आणि कार्यालयीन ईमेल बंद असतो. म्हणून देश सोडण्याआधीच वरिष्ठांचे खासगी संपर्क आणि प्रकल्पांच्या तारखा लिहून घ्याव्यात.