वाकड्या टिलरची गोष्ट म्हणजे खरं तर गोंदाची गोष्ट

सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती वल्ह्यांवरच होतात, त्यामुळे शिडाच्या बोटीचा टिलर, म्हणजे सुकाणूला बसवलेला हातातला दांडा, आपल्याकडे फारसा कुणी जवळून बघितलेला नसतो. हा दांडा बऱ्याचदा बाकदार असतो आणि सगळी अडचण त्या बाकाचीच आहे. सरळ फळीतून बाक कापला की तिथं लाकडाचे रेषे आडवे तुटतात आणि जोराच्या वाऱ्यात सुकाणूचा ताण नेमका तिथंच येतो. म्हणून पूर्वी मुळातच वाकडी वाढलेली फांदी शोधायचे, नाहीतर लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचे, पण वाफवलेलं लाकूड थोडंफार परत सरळ व्हायला बघतंच.

पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून बाक धरायचा, ही आयडिया जुनीच. मायकेल थोनेट १८३० च्या दशकात लाकडाच्या पट्ट्या सरसात, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदात, उकळून साच्यात वाकवत होता, खुर्च्यांसाठी. १९०६ मध्ये जर्मनीत ऑटो हेट्झरनं अशाच चिकटवलेल्या बाकदार तुळयांचं पेटंट घेतलं, तिथं गोंद होता दुधातल्या केसिनचा. घरात, छपराखाली हे सगळं मस्त चालतं, पण बोटीवर नाही.

का, ते मिरजेत लगेच कळेल. सतार-तंबोऱ्याच्या कामात पिढ्यानपिढ्या सरस वापरला, आणि त्याचा मोठा गुण हाच की ऊब आणि ओल दिली की सांधा सुटतो, तबली, म्हणजे वाद्याची वरची लाकडी फळी, अलगद उचलून आतली दुरुस्ती करता येते आणि परत चिकटवता येते. वाद्याला हे वरदान आहे, पण रोज भिजणाऱ्या आणि उन्हात तापणाऱ्या टिलरच्या पट्ट्या त्यानं सुट्ट्याच होणार. साध्या फेविकॉलचंही कायम ओलीत तेच, सुतारकामाला उत्तम पण बोटीला नको.

केसिनलाही दमट हवा सोसत नाही. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो हे लाकडी विमान सुरुवातीला केसिननंच चिकटवायचे, नंतर फॉर्मल्डिहाइडचे गोंद आले. १९४४ मध्ये भारत-बर्मा भागात त्या विमानांचे पंख निकामी होऊन अपघात झाले, पण मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की चौकशीत खापर नुसत्या हवामानावर फुटलं नाही, सांधे नीट न बसवल्याचंही निघालं. गोंद कितीही भारी असला तरी फट ती फटच. त्याच काळात रिसॉर्सिनॉलचा गोंद आला, तो उकळत्या पाण्यातही टिकतो, फक्त सांधा घट्ट हवा आणि मागे गडद रेघ राहते.

मग इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की घट्ट होणारा गोंद. स्वित्झर्लंडचा पिएर कास्तान दातांच्या कवळ्यांसाठी मटेरियल शोधत होता, त्यातून हे निघालं, आणि १९४६ पासून ते अ‍ॅराल्डाइट नावानं बाजारात. बारीक फटी हे भरून काढतं, म्हणून घरच्या घरी टिलर करणं जमायला लागलं: साधारण ३-४ मिमीच्या पट्ट्या, परदेशात बहुतेक अ‍ॅश आणि महोगनी लाकडाच्या आलटून पालटून, साच्यावर क्लॅम्पनं दाबायच्या. पट्ट्या जितक्या जास्त तितका बाक कमी उलगडतो. क्लॅम्प मात्र फार आवळायचे नाहीत, सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. इकडे कुणी सागवान घेणार असेल तर त्यात तेल असतं, चिकटवायच्या आधी अ‍ॅसिटोननं पुसून घ्या, आणि वरून उन्हातले यूव्ही (अतिनील) किरण थांबवणारं व्हार्निश द्याच, कारण इपॉक्सी पाण्याला दाद देत नाही पण उन्हानं खराब होतं.